टेबलाचा दमा

चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला दर आठवड्याला चावी द्यायचा मान घड्याळजींकडे होता. मान म्हणजे निव्वळ मान. पण चौकातून जाणारे लोक आधी वर घड्याळाकडे बघत आणि मग खाली दुकानात बसलेल्या घड्याळजींकडे, आणि या दुसऱ्या बघण्यावर त्यांचा सबंध आठवडा मजेत निघे. ती हातभर लांब लोखंडी चावी त्यांनी दुकानात अशी टांगली होती, की गिऱ्हाइकाचं डोकं एकदा तरी तिच्यावर आपटावं.

हल्ली मात्र मनोऱ्याचा जिना जड जाऊ लागला होता. दमा जुनाच, पण आता ते अर्ध्या जिन्यातल्या खिडकीशी थांबून 'देखावा' बघत. देखावा म्हणजे समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. त्यात इतकं बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न सर्वांत आधी पडला तो त्यांच्या मेव्हण्याला.

मेव्हणा बॅटरीवरची घड्याळं विकायचा. म्हणून घड्याळजी त्याला पाठीमागे 'बॅटरी' म्हणत, आणि डोकं तापलं की तोंडावरही. बॅटरीने मनोऱ्याचा कारभार बघणाऱ्या साहेबांचे कान भरले, की दाजी थकले. आता वर मोटर बसवून टाकू, चावीची भानगडच नको. भानगड नसलेली कुठलीही गोष्ट साहेबांना आवडे. तरी जुन्या माणसाला एक संधी द्यावी म्हणून त्यांनी निरोप धाडला: महिनाअखेरीला आपण सगळे मिळून वर जाऊ. तुम्ही न थांबता चढलात तर चावी तुमच्याकडे, नाहीतर मोटर.

घड्याळजी तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दम्याचा जुना फवारा मारून दाखवायला सांगितला आणि मान हलवली.

"काका, तुमचं टायमिंग चुकतंय. आधी दाबताय आणि मग श्वास घेताय."

जन्मभर दुसऱ्यांच्या वेळा दुरुस्त करत आलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. शेजारी बसलेली बायको खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे मात्र गदगदा हलत होते.

"हा घ्या पावडरीचा पंप, सकाळ-संध्याकाळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात मेळ घालायची कटकट नाही. तुमचा श्वासच औषध ओढून घेतो. अचानक धाप लागली तर मात्र जुना फवारा जवळ हवाच. बाकीचं सिस्टर शिकवतील."

सिस्टरने मन लावून शिकवलं. कळ सरकवायची, टिक् वाजलं की भुकटी तयार. मग श्वास बाहेर सोडायचा, पण पंपापासून तोंड लांब करून. मग तोंड लावून एका दमात जोरात ओढायचं. या सगळ्या वेळात घड्याळजींचा एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर होता.

"समजलं ना, काका?"

"समजलं. पण तुमचं घड्याळ मागे पडतंय."

यंत्र मात्र त्यांना फार आवडलं. घरी येताच त्यांनी ते कामाच्या टेबलावर काळ्या कापडावर ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि कळ सरकवली. टिक्! आवाज कसा चोख होता. मग त्यांनी भिंगातून आत पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत पांढरी धूळ!

आता घड्याळजींचा हात कुठल्याही उघड्या यंत्राला लागायच्या आधी त्यांची फुंकर लागे. ती सवय इतकी मुरली होती, की चहाचा रिकामा कप आणि चष्म्याचं घरसुद्धा त्यांनी फुंकल्याशिवाय कधी हाती घेतलं नव्हतं. त्यांनी गाल फुगवले आणि केलं, फू! मग स्वच्छ झालेलं यंत्र तोंडाला लावून सिस्टरने सांगितलं तसं जोरात ओढलं.

तेव्हापासून रोज दोन वेळा टिक्, फू आणि मग एक खोल, कोरडा ठणठणीत श्वास.

"कसलं औषध हे!" एकदा ते बायकोला म्हणाले. "चव नाही, वास नाही. कंपनीवाले धूळसुद्धा झटकून देत नाहीत, ती मलाच झटकावी लागते."

बायको भाजी चिरत होती. तिने नुसतं "हं" केलं. लग्नानंतर तिने इतकी 'हं' जमा केली होती, की एखादी वाया गेली तरी तिला फिकीर नसे.

पुढच्या आठवड्यात घड्याळजींना देखावा पहिल्याच वळणावर बघावा लागला, आणि तिथे खिडकीही नव्हती. बॅटरी मोटरचं चित्र घेऊन घरी आला.

"दाजी, वाईट वाटून घेऊ नका. रंग तरी तुम्ही निवडा."

"तुझ्या तोंडाचा काळा चालेल."

"ताई, बघ गं कसे बोलतात!"

"बोलू दे," ताई म्हणाली. "तेवढ्यापुरता तरी श्वास पुरतोय." पण भाऊ गेल्यावर ती बराच वेळ नवऱ्याच्या छातीतली शीळ ऐकत बसली.

दुसऱ्या दिवशी ती टेबल पुसत होती. काळ्या कापडावर पांढरी साय धरली होती. ती कालही पुसली होती, परवाही. तिचा हात थबकला.

"अहो, हे पांढरं कुठून येतं?"

"सांगितलं की. पंपातली धूळ."

"माझ्यासमोर घ्या बघू औषध."

घड्याळजींनी ऐटीत कळ सरकवली, गाल फुगवले आणि फुंकर मारली. बायको मटकन खुर्चीत बसली. आधी तिला हसूच आवरेना, आणि आवरलं तेव्हा ती खवळली.

"अहो, ती धूळ म्हणजेच औषध! इतके दिवस टेबलाला पाजताय! या घरात दमा कुणाला नसेल तर तो त्या टेबलाला!"

ती त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरने पुन्हा शिकवलं, आणि या खेपेला बायको मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहिली.

त्यानंतर रोज दोन वेळा ती टेबलाशी पहारा देई. टिक् झालं, की घड्याळजींचे गाल आपोआप फुगू लागत आणि ती ओरडे, "तोंड तिकडे!" ते भिंतीकडे तोंड करून सगळा श्वास सोडत, मग पंपाकडे वळून ओढत. हळूहळू छातीतली शीळ विरली. काळं कापड काळंच राहू लागलं.

महिनाअखेरीला साहेब आले. घड्याळजी चावी खांद्यावर टाकून पुढे निघाले, फवारा खिशात होता. खिडकी आली. टाक्या जागेवर होत्या. घड्याळजींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागून बॅटरी मोटरचे गुण सांगत चढत होता. सांगता सांगता त्याचे शब्द तुटू लागले आणि शेवटी त्याने कठडा धरला.

वर पोचल्यावर साहेब घाम पुसत म्हणाले, "चढलात हो! पण खरंच दम उरलाय, की उसनं अवसान?"

घड्याळजींचं लक्ष नव्हतं. समोर उघडं यंत्र होतं, आणि चाकांवर धूळ. त्यांचे गाल फुगले. बायको आसपास नव्हती.

फूऽऽऽ!

ती फुंकर लांबलचक, भरदार होती. सगळी धूळ उडून नेमक्या तेव्हाच वर पोचलेल्या बॅटरीवर बसली आणि तो शिंकत शिंकत पुन्हा खाली गेला.

"पुरे, पुरे!" साहेब रुमालातून ओरडले. "द्या चावी घड्याळाला! मोटर नको नि काही नको!"

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे फुंकलंतच?"

"यंत्रावर फुंकलं," घड्याळजी चावी खांद्यावरून उतरवत म्हणाले. "औषधावर नाही."

"बरं. मग आता संध्याकाळचं घ्या," ती म्हणाली, आणि पहाऱ्याला टेबलाशी येऊन उभी राहिली. "तोंड तिकडे!"