रांगेबाहेरचा पलंग

वॉर्ड कसा चाललाय ते दारातूनच कळतं, असं महामाया सिस्टर नव्या मुलींना सांगे. लातूरच्या त्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डाची ती इन्चार्ज. तिच्या चादरींना सुरकुती नसे आणि पलंगांची रांग दोरी धरून लावल्यासारखी असे. सोमवारच्या राउंडला मेट्रन मॅडम त्या रांगेचं कौतुक करत.

आज सोमवार होता आणि चांगुणाबाई गाठोडं बांधून बसली होती. साखरेच्या आजारानं पायाला मोठी जखम झालेली.

"जाते मी घरला."

"मावशी, रोजची पट्टी चुकली तर पाय जाईल! घरी काय हाय असं?"

"पत्रा हाय. झोप तरी लागती."

महामायाला इतके दिवस वाटत होतं, बाई ड्रेसिंगला भिते. म्हणून ती स्वतः हलक्या हातानं पट्टी सोडायची. पट्टीचा काही दोषच नव्हता.

"ताई, ही भूकंपातनं वाचलेली हाय," सबिहा सिस्टर हळूच म्हणाली. "स्लॅबखाली डोळाच लागत न्हाई हिचा."

मग साखर उतरणार कशी, जखम भरणार कशी? महामायानं मान वर करून छताकडं पाहिलं. चादरी तपासताना तिची मान नेहमी खाली असायची.

"पलंग उचल. व्हरांड्यात पत्रा हाय."

"आत्ता? मॅडम यायल्यात ना!"

"म्हणून तर लवकर उचल."

शेजारच्या पलंगावरची इकरा टायफॉइडची. शिकवणी बुडते म्हणून अंगात ताप असतानाही फिजिक्स घेऊन बसलेली. "सिस्टर, माझाबी पलंग न्या. तिथं उजेड लई हाय."

"अभ्यासिका न्हाई उघडली मी. झोप गुमान!"

मॅडम आल्या तेव्हा रांगेत दात पडल्यासारखी मोकळी जागा होती आणि व्हरांड्यातून घोरण्याचा आवाज येत होता.

"महामाया, हे काय?" मॅडमचा आवाज चढला.

"हळू, मॅडम. पेशंट झोपलाय."

मॅडम टाचा उचलून व्हरांड्यात गेल्या. तेवढ्यात चांगुणाबाई डोळे चोळत उठली. "कोण बाई तू? नुसती उभी हायस, तर जरा हात लाव. तोंडावर ऊन यायलंय."

सबिहानं पदर तोंडात कोंबला.

"गाठोडं बांधलंय. घरी जायचंय का, आजी?" मॅडमनी विचारलं.

"जाईन की. पाय बरा झाल्यावर. आधी पलंग सरकव."

मॅडमनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि पलंगाची एक बाजू धरली.

"महामाया, बघतेस काय? दुसरी बाजू धर."