पुढचे चाक

दत्ताराम यांनी बत्तीस वर्षे शहरात बस चालवली आणि एकदाही चाक खड्ड्यात घातले नाही, हे माझगावातल्या त्यांच्या इमारतीत सर्वांना ठाऊक होते. ज्यांना नव्हते त्यांना ते स्वतः सांगत. मुलगी अपूर्वा हिला पनवेलच्या महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, तेव्हा त्यांनी अट घातली : घरची गाडी रोज न्यायची असेल, तर आधी त्यांना शेजारी बसवून रे रोडपर्यंत चालवून दाखवायची. परवाना सरकारने दिला असला, तरी किल्ली त्यांच्या खिशात होती.

रविवारी सकाळी अपूर्वा इतकी नीट चालवत होती, की दत्ताराम अस्वस्थ झाले. तेवढ्यात पुढे डाव्या अंगाला खड्डा दिसला.

"पप्पा, मी उजवीकडे घेते."

"थांब. आत्ता नाही."

"अहो, आला की!"

"घाई नको गं. खड्डा पायाखाली येऊ दे... येऊ दे... हां, वळव!"

भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला.

टायरच्या अंगाला लिंबाएवढा फुगा आला होता आणि रिमची कड आत दुमडली होती.

"उशिरा वळवलंस," दत्ताराम म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत तेव्हा वळवलं."

"किल्लीचं पुढच्या वर्षी बघू."

अपूर्वा जॅक लावून स्टेपनी बसवू लागली. दत्ताराम लोकांच्या हितासाठी रस्त्यात उभे राहिले आणि मागून येणाऱ्या गाड्यांना हाताने इशारे करू लागले. त्यांच्या इशाऱ्याबरहुकूम एक टॅक्सी खड्ड्यात गेली.

"ओ काका, घरी जा ना!" टॅक्सीवाला ओरडला. त्याच्या मागची मोटारही गेली.

मग बस आली. दत्तारामांनी हात रोखून धरला; चालक खड्ड्याशी आला, किंचित पुढे सरकला, मग वळला. चाक खड्ड्याच्या कडेने अलगद निघून गेले.

"बघ! याला म्हणतात ड्रायव्हर!"

अपूर्वाने पाना खाली ठेवला. "पप्पा, बसचं पुढचं चाक कुठे असतं?"

"ड्रायव्हरच्या मागे."

"आणि आपल्या गाडीचं?"

दत्तारामांनी गाडीकडे पाहिले. चाक ड्रायव्हरच्या पायांच्याही पुढे होते. तोवर आणखी एक मोटार त्यांच्या इशाऱ्याशिवाय सुखरूप गेली.

भायखळ्याला लवूच्या टायरच्या दुकानात लवूने फुगा चाचपला, रिम फिरवून पाहिली. "टायर गेला. रिम ठोकून सरळ होईल. चालवत कोण होतं?"

अपूर्वाने तोंड उघडले, पण दत्ताराम आधी बोलले.

"स्टिअरिंग हिच्या हातात होतं," ते म्हणाले, "चालवत मी होतो."

लवूला काहीच कळले नाही. त्याने विचारलेही नाही. तासाभराने काम झाल्यावर दत्तारामांनी खिशातून किल्ली काढून अपूर्वाच्या हातावर ठेवली, मागचे दार उघडले आणि प्रवाशासारखे मुकाट्याने आत बसले.