लाल तेल

इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. कॅप्टन जयसिंगरावांनी पाय आणखी दाबला. घरघर वाढली, मागे धूर झाला आणि एकदम हिसका देऊन ती हिरवी अमेरिकन गाडी दोन हात पुढे गेली नि पुन्हा थांबली.

"पाहिलंस?" त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "एकच पाय उरलाय, त्यालाही अंदाज राहिला नाही. गाडीचा दोष नाही, माझाच पाय वाईट. उद्या देपालपूरचा लक्ष्मणशेठ येतोय. देऊन टाकतो त्याला."

गजानन ड्रायव्हर फडकं घेऊन बंपरपाशी उभा होता. "पायाचं काय घेऊन बसलात, सरकार," एवढंच तो म्हणाला. मग मघाशीच पुसलेला बंपर त्याने पुन्हा पुसायला घेतला.

गजाननचा बाप इंदूरला होळकर सरकारच्या बग्गीखान्यात होता, गजानन मोटारखान्यात शिकला. जयसिंगराव लेफ्टनंट असल्यापासून त्यांची काळी फोर्ड तोच सांभाळायचा, आणि ते स्वतः चालवत नसले की चालवायचाही. तिचा क्लच असा सोडायचा की मागे बसलेल्याच्या हातातली कपबशी वाजत नसे. ब्रह्मदेशातल्या लढाईत जयसिंगरावांचा डावा पाय मांडीपासून गेला. ते लाकडी पाय घेऊन परत आले आणि कायमचे मागच्या सीटवर बसू लागले. संस्थान गेलं, मध्य भारत राज्य आलं, फौजही गेली. ज्या माणसाने उभा जन्म घोड्यावर नि मोटारीत स्वतः लगाम धरला, तो आता खिडकीतून बाहेर बघत गप्प बसायचा. गजाननला ते आरशात दिसायचं आणि वाईट वाटायचं, अगदी मनापासून.

मग मुंबईच्या मेव्हण्यांनी ही गाडी मिळवून दिली. ऑटोमॅटिक. हिला क्लचच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. पहिल्या दिवशी जयसिंगराव एकटे राजवाड्याला चक्कर मारून आले आणि त्यांच्या पत्नी मंगलाबाईसाहेबांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. गजाननला दोन मिळाले. ते त्याने खाल्ले, पण गोड काही लागले नाहीत. तेव्हापासून गाडी धुणं, तेलपाणी बघणं आणि सरकारांच्या शेजारी शोभेला बसणं हीच त्याची ड्रायव्हरकी. फोर्ड शेडमध्ये धूळ खात होती, आणि तिच्या शेजारी, खरं सांगायचं तर, तोही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. खंडेनवमीला एकही गाडी तहानलेली पूजेला उभी करायची नाही, ही बापाची शिस्त. बग्गीच्या आसाला एरंडेल, मोटारीला मोटारीचं, आणि पहिली पळी घरच्या मालकिणीच्या हातची. त्या सकाळी हिरव्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल जरा कमी दिसलं. तिला लागायचं ते लाल, पातळ तेल मुंबईहून डब्यात यायचं, आणि डबा रिकामा होता. "हिला दुसरं तेल चालत नाही, ध्यानात ठेव," असं सरकारांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण त्या तेलाशी गजाननचं कधी जमलंच नव्हतं. हे तेल आहे की सरबत, असं त्याला दर वेळी वाटायचं. गिअरबॉक्सचं तेल कसं जाड हवं, बोटाला चिकटून राहणारं! पूजेचा मुहूर्त टळत होता. त्याने फोर्डसाठी ठेवलेलं जाड तेल काढलं. बाईसाहेबांनी चांदीच्या पळीने पहिली धार सोडली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि नंतर गजाननने सणाचा दिवस म्हणून हात सैल सोडून भरपूर ओतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा मैदानाच्या चढावर, साऱ्या इंदूरच्या देखत, गाडी रुसली. इंजिन ओरडतंय नि चाकं गप्प. "अरे धक्का मारो भिया, कप्तान साब की गाडी है!" कुणीतरी ओरडलं आणि दहा-वीस माणसं मागे लागली. जयसिंगराव केशरी फेटा बांधून स्टिअरिंगचं चक्र धरून सरळ समोर बघत बसले होते. लोक त्यांना ढकलत होते.

तेव्हापासून ते पुन्हा फोर्डच्या मागच्या सीटवर आले आणि गजानन पुढे. पहिले दोन-तीन दिवस तर गजानन शीळही घालत होता. मग सरकारांनी बाहेर पडणंच सोडलं. "कुठं जायचं, सरकार?" विचारलं की "कुठं नाही." गजानन फोर्ड पुसून तयार ठेवायचा, हिरव्या गाडीकडे बघायचा, पुन्हा फोर्ड पुसायचा. घरी जेवण जाईना, बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठे जावं कळेना.

आणि आता लक्ष्मणशेठ येणार होता. गजाननने फडकं टाकलं, सायकल काढली आणि परदेशीपुऱ्याची वाट धरली. तिथल्या एका मिलच्या मॅनेजरकडे अशीच गाडी होती आणि तिचा ड्रायव्हर हरी याने फोर्डवरच, गजाननच्या हाताखाली, गाडी शिकली होती.

"गज्जूभिया, जाड तेल घातलं?" हरीने कपाळाला हात लावला. "अरे यार, तिच्यात आपल्यासारखं दाताला दात थोडीच लागतो! इंजिनाचा जोर तेलच घेतं आणि तेलच पुढे देतं. आत बारीक बारीक गल्ल्या आहेत, त्यात तुझं जाड तेल जाईल कसं? पूरा माल काढ, लाल भर, थोडी चालव, फिर से काढ आणि परत भर. ठीक होऊन जाईल."

"डबे आहेत?"

"आहेत ना, मोप आहेत. पण एक बात विचारू?" हरीने आवाज उतरवला. "विकू दे ना भिया ती गाडी. तुझी फोर्ड तर आहेच. तुला काय पडलंय?"

हेच तर गजानन इतके दिवस स्वतःला सांगत होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र त्याला स्वतःची शिसारी आली. "डबे बांध कॅरिअरला," तो म्हणाला.

सकाळी उजाडताच तो गाडीखाली शिरला. तपकिरी, फेसाळलेला रबडा परातीत आला. लाल तेल भरलं, इंजिन तापवलं, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. मग गाडी अंगणात आवाज न करता पुढे सरकली. गजाननला हसू आलं आणि लगेच त्याची नजर शेडमधल्या फोर्डकडे गेली.

लक्ष्मणशेठ आला, गाडीभोवती फिरला. "रंग तो चोखो है, कप्तान साब."

"घेऊन जा," जयसिंगराव काठीवर भार देऊन म्हणाले.

"सरकार, आधी एकदा तुम्ही चालवून बघा," गजानन मध्ये पडला.

"कशाला? पुन्हा तमाशा?"

"पाय तुमचा चुकला नाही, सरकार. तेल माझं चुकलं. लाल संपलं होतं, खंडेनवमीला मी फोर्डचं घातलं. आज सगळं बदललंय."

व्हरांड्यात मंगलाबाईसाहेब उभ्या होत्या, त्यांचा हात तोंडावर गेला. जयसिंगराव गजाननकडे वळले. "तुला कधी कळलं?"

"मैदानावरच शंका आली होती."

"आणि बोलला नाहीस?"

"फोर्ड चालवायला मिळत होती, सरकार."

"लोकांनी मला ढकललं रे त्या दिवशी," जयसिंगराव हळू म्हणाले. त्यांनी शिवी दिली असती तर गजाननला बरं वाटलं असतं. ते चक्रामागे बसले, लाकडी पाय हाताने उचलून आत घेतला आणि गाडी फाटकातून बाहेर गेली. परत आली तेव्हा ते गाडीतून उतरलेच नाहीत. फाटकाबाहेर पुन्हा एक चक्कर मारून आले. चेहऱ्यावर रंग आला होता.

"तो फिर, साब?" शेठने विचारलं.

"ही नाही." काठीचं टोक शेडकडे वळलं. "ती न्या. घरात दोन गाड्या आता कशाला?"

हे रागाने म्हटलं की सहज, ते गजाननला पुढेही कधी समजलं नाही. विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

शेठकडे ड्रायव्हर नव्हता, म्हणून देपालपूरपर्यंत फोर्ड गजाननच घेऊन गेला. मागून हिरवी गाडी येत होती, आरशात जयसिंगराव एकटे, ताठ. शेठच्या दारात गजाननने क्लच दाबून ब्रेक इतका हलका लावला की शेठला गाडी थांबल्याचं उशिरा कळलं. किल्ली हातात देताना तो म्हणाला, "सकाळी थंडीत जरा वेळ लागतो हिला. घाई करायची नाही."

परतताना तो सरकारांच्या शेजारी बसला. सांज होत आली होती. रस्त्याला गाव लागलं, गाय आडवी आली, गाडीचा वेग उतरला.

"गजानन," जयसिंगराव समोर बघतच म्हणाले, "क्लच नाही रे तिथं."

गजाननने खाली पाहिलं. त्याचा डावा पाय रिकाम्या चटईवर घट्ट दाबलेला होता, आणि गाय बाजूला झाली तशी टाच हळूहळू, हिसका बसू न देता, वर येत होती.