चिंचेवरची एकशे सदतीस कुलपं

चिंचेला एकशे सदतीस कुलपं लटकत होती. एकशे तेवीस बंद, चौदा उघडी. रेवणसिद्धने दोनदा मोजली, आकडा तोच आला. खाली बारवेच्या पायऱ्यांवर तीनेकशे माणसं दाटीवाटीने बसली होती. माळावरून वारा आला की कुलपं एकमेकांवर आपटत. थंडीने दात वाजावेत तसा आवाज.

चौदावं उघडं कुलूप त्याच्या बहिणीचं होतं.

"निसटलं!" आश्रुबा देवऋषी ओरडला. "लय बेरकी कैदी! म्या बारा वर्षांची सजा ठोकली व्हती, ह्यानं महिन्यात जेल फोडली!"

आश्रुबाची रीत तालुक्याला पाठ झाली होती. भूत कुलपात कोंडायचं, ते कुलूप पाच रात्री रोग्याच्या उशाखाली ठेवायचं, मग चिंचेला अडकवून दोन्ही चाव्या सगळ्यांदेखत बारवेत फेकायच्या. अमावास्येला कुलूप उघडं दिसलं, म्हणजे भूत सुटलं; मग नवं कुलूप, नवी दक्षिणा. अट एकच, डॉक्टरचं औषध बंद. "औषध म्हंजी कैद्याला घरचा डबा," तो सांगे. "डबा मिळाल्यावर कैदी खचतो का?"

बहिणीला, सोळा वर्षांच्या शांतम्माला, झटके येत. परभणीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते आटोक्यात होते. दोन अमावास्यांपूर्वी माय, चन्नबसम्माने, त्या बंद केल्या. मागच्याच आठवड्यात पोरगी पेटत्या चुलीपासून वीतभर अंतरावर कोसळली होती.

"दोन कुलपं गेली," नवं कुलूप मायच्या हातावर ठेवत आश्रुबा म्हणाला. "तिसरंबी फोडलं, तर पोरगी हाती लागायची न्हाई, बाई."

परतताना उघडं कुलूप रेवणसिद्धने खिशात टाकलं.

"दादा," घरी आल्यावर शांतम्मा म्हणाली, "माझं अर्धं अंग तिकडं टांगलंय. वारं सुटलं की मला हितं ऐकू येतंय."

रेवणसिद्ध भौतिकशास्त्राचा पदवीधर होता, तरी त्याच्या मानेवर काटा आला.

सकाळी वडिलांच्या, नागप्पांच्या, लोखंडी सामानाच्या दुकानात त्याने शांतम्माच्या उशाखालून आणलेल्या नव्या कुलपाची चावी सहज त्या उघड्या कुलपात घातली. ती फिरली. त्याने उघड्या कुलपाचे रिव्हेट कापले. मग त्याने पत्रा उचकटला. आत थोडं ग्रीस आणि रिकामी जागा. बाहेर 'सात लिव्हर' असं कोरलेलं होतं, आत लिव्हरच्या पट्ट्या दोनच, त्याही सारख्या उंचीच्या. नव्या कुलपाच्या पोटातही तेच. या जातीच्या कुठल्याही कुलपाला कुठलीही चावी लागली असती.

त्याने मायला दाखवलं. तिने बघितलंही नाही.

"भुताला चावी कशाला लागती रं? तू लय शिकलास, पर झटके तुला येत न्हाईत."

 दुकानात येऊन बसल्यावर रेवणसिद्धला वाटलं, खरंच की. भुताला चावी लागत नाही, माणसाला लागते. मग चावी घातल्याची खूण कुलपानेच ठेवली तर?

चार दिवस तो कानस चालवत होता. नव्या कुलपात त्याने वेगवेगळ्या उंचीच्या सहा पट्ट्या बसवल्या. सातवी पट्टी चुगलखोर. चुकीच्या चावीने एखादी पट्टी जास्त उचलली, की सातवी खटक्यात अडकायची. मग खरी चावीही फिरणार नाही, आधी तिला एकदा उलटं फिरवावं लागेल. चाव्या त्याने तीन केल्या. कुलूप चिंचेला लागलं तेव्हा दोन बारवेत गेल्या, तिसरी त्याच्या खिशात राहिली.

पुढच्या अमावास्येला ते कुलूप बंदच होतं.

"बघा, कैदी आतच हाय!" आश्रुबा म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"मग ह्या महिन्यात पोरीला नऊ झटके कसे आले, महाराज?" रेवणसिद्धने विचारलं.

"त्यो... खिडकीतून हात काढायलाय."

कुणीतरी हसलं. रेवणसिद्धने तिसरी चावी घातली. फिरली नाही. त्याने कुलूप वर धरलं, सातव्या पट्टीचं काम सगळ्यांना समजावलं. "ह्यात कुणीतरी दुसरी चावी घालून बघितलीय. माय, तूच म्हणलीस, भुताला चावी कशाला लागती?" त्याने चावी उलटी फिरवली, खटका सुटला; मग सुलटी फिरवली, कुलूप उघडलं.

धुरपताबाई उठली. तिच्या सुनेचं कुलूप तिथेच होतं. "महाराज, तुमच्या करदोट्याला चावी कशाची?"

"माझ्या पेटीची."

"दावा की मग!" म्हणत तिने ती ओढूनच घेतली आणि सुनेच्या कुलपात घातली. कुलूप उघडलं. शेजारचं उघडलं. त्याच्या शेजारचंही.

उरलेली कुलपं उघडली जात होती तेव्हा रेवणसिद्ध एवढंच बोलला, "ह्यात कोणीच कोंडलेलं नव्हतं. झटके हा मेंदूचा आजार हाय, त्याला औषध हाय. ज्यांनी औषध सोडलं, त्यांनी उद्याच डॉक्टरला गाठा. आन् कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचं झाकण काढून बघा."

माय पायरीवरून उठून त्याच्याजवळ आली. मग म्हणाली, "गोळ्या म्या टाकल्या न्हाईत रं. पिठाच्या डब्यात हायत."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शांतम्माला घेऊन परभणीला गेली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

त्या अमावास्येला शांतम्माचं सोडून चिंचेवर नवी-जुनी एकशे एकोणीस कुलपं बंद होती; त्यांपैकी एकशे चौदा आश्रुबाच्या त्या एका चावीने उघडली, पाच गंजून बसली होती. गोळ्यांविना गेलेल्या एकोणनव्वद दिवसांत शांतम्माला तेवीस झटके आले होते. त्यानंतरच्या एकोणनव्वद दिवसांत दोन आले.