फिरायचं, पण ऐकू जायचं नाही

मी संगणकाच्या पेटीतला पंखा बोलतोय. हो हो, तोच घूंघूं करणारा! कॉन्स्टँटिन शहरात दलीलाच्या घरी सहा वर्षं राबतोय, पण माझी आठवण होते ती शिव्या घालायलाच.

दलीलाचे बाबा, शेख अल्लावा, मालूफ नावाच्या तिथल्या परंपरागत गायकीचे जुने गवई. एक लांबलचक जुनं गाणं आता फक्त त्यांनाच पाठ होतं. गुरुवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन. त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं. म्हणून दलीला ते संगणकावर रेकॉर्ड करून घ्यायला बसली. ऐकते तर काय, बाबांच्या बारीक आवाजावर माझी घरघर!

"त्या मेल्याला बंद कर आधी," शेख खेकसले.

"बंद केला तर संगणकच तापून बसेल, बाबा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारची नझिहा विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवते. तिनं माझ्या तोंडाशी छोटा स्पीकर बसवला, शेजारी माइक. माइक माझा सूर ऐकणार, स्पीकर नेमका त्याच्या उलटा सूर सोडणार, आणि दोन्ही एकमेकांना गिळून टाकणार. मी एका लयीत फिरलो की झालं. मी म्हटलं, जीव गेला तरी लय सोडणार नाही.

बुधवारी सकाळी सगळे जमले. पाहुणे येणार म्हणून दलीलाच्या आईनं, खमीसाबाईंनी, हातानं विणलेला जाड रुमाल पेटीवर पसरला. आमच्या घरात टीव्हीपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडं ठेवत नाहीत. माइक झाकला गेला, माझा श्वास कोंडला. मी जीव खाऊन पळू लागलो आणि स्पीकर भलतंच कोकलायला लागला.

"काकू, त्याला नवरीसारखं झाकलंत कशाला? गुदमरला ना तो!" नझिहा ओरडली.

"मग काय उघडंबोडकं ठेवू? लोक काय म्हणतील?"

"आई, पुरे!" दलीलानं रुमाल ओढून काढला.

मी धाप आवरली, लय धरली. स्पीकरनं मला गाठलं आणि खोली शांत झाली. शेख एका बैठकीत गायले. दोनदा खोकले, पण शेवटपर्यंत गेले. मला डोळे असते तर मी ढसाढसा रडलो असतो.

आता शेख बोलत नाहीत. रोज जेवणानंतर ते गाणं लावतात आणि नुसते ओठ हलवतात. माझ्या बेअरिंगमध्ये मात्र करकर सुरू झालीये. ती इतकी बेशिस्त, की त्या उलट्या सुरालाही गवसत नाही. दलीला, उद्या मला काढ आणि नवा पंखा बसव, मला वाईट वाटणार नाही. आज फक्त बाबांना शेवटच्या ओळीपर्यंत पोचू दे. तेवढा वेळ मी दातओठ खाऊन गप्प राहतो.