गाळ बसेपर्यंत

आमच्या घरात दारूची बाटली आली ती डायनाच्या कपड्यांच्या बॅगेतून. म्हंजी माझ्याच पोटच्या लेकीनं आणली, दुसऱ्या कुणाची काय बिशाद होती! पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात ती पाहुण्यांना वाइन वाढती. कुठली कशाबरोबर प्यायची, हे समजावून सांगायचा तिला पगार मिळतो. मी कॉलनीत नुसतं ‘हॉटेलात मॅनेजर हाय’ एवढंच सांगती.

“मम्मी, दारू काय म्हणतेस? फ्रान्सची जुनी वाइन आहे. वयानं माझ्यापेक्षा मोठी.”

“मग तिला ताई म्हणू का मी?”

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून चर्चच्या पाळकसाहेबांचं घर. मी आधी खिडकीचा पडदा ओढला, मग बाटली हातात घेतली. काच काळपट हिरवी, लेबल पिवळं पडलेलं. एका फ्रेंच म्हाताऱ्या पाहुण्यानं खूश होऊन डायनाला दिली होती. एवढी भारी चीज तिनं आणली होती ती माझ्या नवऱ्याच्या नाकासाठी.

आमचे हे, जॉन, रेल्वेत डबे तपासायच्या कामावर होते. गाडी फलाटाला लागायच्या आत वासावरून सांगायचे, चाक तापलंय म्हणून. दोन वर्षांमागं ताप आला, ताप गेला, आन् जाताना नाक घेऊन गेला. पण कबूल करतील तर शपथ! भाजी आंबलेली असू दे, न्हाईतर खारट असू दे, “छान झालीय.” परवा गॅसच्या शेगडीचं बटण अर्धवट राहिलं, तर शेजारची सविता ओरडत आली तवा मला कळलं. हे तिथंच पेपर वाचत बसलेले. वर म्हणतात, “आला होता मला वास, उठणारच होतो.”

अस्सा राग आला मला! वास येत न्हाई तर न्हाई, त्यात काय लाज? पण माणूस येतोय म्हणून खोटं सांगायला लागला, की त्याला घरात एकटं कसं सोडायचं? माझी बहीण तिकडं न्हावरे गावात अंथरुणाला खिळलीय. तिच्याकडं चार दिवस राहायला जायचं म्हटलं तरी माझा जीव इथं शेगडीपाशी अडकतो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज वेगवेगळे वास हुंगायला द्या. डायनानं लवंग दिली, लिंबू दिलं, कॉफी दिली. हे डोळ्यांनी बघायचे आन् बरोब्बर सांगायचे. म्हणून ही बाटली. “यात कशाकशाचे वास आहेत ते बघून कळतच नाही, मम्मी. आता पप्पांना खरं सांगावंच लागेल.” असं म्हणून तिनं बाटली आतल्या खोलीत गार कोपऱ्यात उभी करून ठेवली.

रविवारी चर्चहून आलो, जेवणं झाली. डायना ग्लास पुसत होती. मी सहज कोपऱ्यात वाकून बघितलं, तर बाटलीच्या तळाला हा एवढा गाळ! आता प्रभुभोजनाचा द्राक्षारस चर्चसाठी मीच करती, काळ्या मनुकांचा. तोही ठेवला की खाली बसतो. छोट्या छोट्या पेल्यांत ओतायच्या आधी बाटली नीट हलवली न्हाई, तर पुढच्या बाकांना नुसतं पाणी आन् मागच्यांना चिखल. म्हटलं, पोरीचं एक काम हलकं करावं. धरली बाटली मानेला आन् दोन्ही हातांनी चांगली घुसळून काढली.

डायनाला काय माहीत! तिनं बाळाला आंघोळ घालावी तसं हळू हळू बूच काढलं. थोडी वाइन ग्लासात ओतून तिच्या बापाच्या हातात दिली. ह्यांनी नाक घातलं, डोळे मिटले, एक घोट घेतला.

“वा! गुलाब. गुलाबाचा वास येतोय बघ. छान हाय.”

डायनाचा चेहरा उजळला. तिनं स्वतः एक घोट घेतला आन् तोंड असं केलं, जसं काही राख खाल्ली. ग्लास उजेडात धरला. आत सगळं गढूळ.

“मम्मी, बाटली कुणी हलवली?”

“मी हलवली. मग काय गाळ तसाच ठेवायचा होता?”

ती मटकन खुर्चीत बसली. बापाकडं बघून एवढंच म्हणाली, “पप्पा, ही आत्ता कडू लागतेय. तोंडात कचकच येतेय. यात गुलाब कुठून आला?”

हे अंगठ्यानं ग्लासाची कड पुसत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, “मला काहीच येत न्हाई, पोरी. पाणी आन् हे, दोन्ही सारखंच.”

हेच ऐकायला मी इतके दिवस भांडत होते, आन् ऐकलं तवा वाटलं, नको होतं ऐकायला.

डायनानं डोळे पुसले, बूच परत लावलं. “संध्याकाळपर्यंत उभी राहू दे. सगळा नाही, पण थोडा तरी खाली बसेल.”

मग ती दुपार. थंडीतलं ऊन खोलीत येऊन पसरलं होतं. जंक्शनला गाड्या येत होत्या, जात होत्या. लांबून मालगाडीचा आवाज यायचा, खिडकीची तावदानं जरा थरथरायची, की आम्ही तिघंही बाटलीकडं बघायचो, तिला धक्का तर न्हाई ना लागला! पुढं पुढं तर मला वाटायला लागलं, घरात कुणी आजारी पाहुणा झोपलाय आन् आपण त्याच्या उशाशी बसलोय. हे खुर्चीत पेंगत होते. झोपेत त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. ह्या माणसाला स्वप्नात तरी वास येत असतील का? माझ्या केसांतल्या तेलाचा, तापलेल्या चाकाचा? कवा विचारलंच न्हाई मी. माझाही डोळा लागला, आन् उठले तवा ऊन तांबडं होऊन भिंतीवर चढलं होतं.

डायनानं मेणबत्ती लावली. बाटलीच्या मानेमागं ज्योत धरली आन् काचेच्या जगमध्ये धारेनं ओतायला लागली, इतकं सावकाश, की मी श्वास रोखून बसले. ज्योतीच्या उजेडात धार आधी माणकासारखी लाल होती, कडेला विटकरी. मग मानेत गाळाची काळी रेघ आली, तशी ती थांबली. जगमध्ये होतं ते स्वच्छ होतं.

“आता नुसतं हुंगा, पप्पा. काही सांगायलाच पाहिजे असं नाही.”

ह्यांनी ग्लास नाकाशी नेला. काही न्हाई. ग्लास हलकेच फिरवला, परत नेला. मी मनात प्रार्थना करत होते, खोटं सांगती कशाला. आन् एकदम ह्यांनी तोंड वेडंवाकडं करून ग्लास लांब धरला.

“शी! हे नासलंय.”

“काय झालं?” डायना पुढं झाली.

“शेणाचा वास मारतोय. खुटबावला गावाकडं आमचा गोठा होता ना, पहाटेचा, ओला कडबा, बैलाच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा... तस्सा. घाण!”

हे उठले. पडदा हुंगला, उशी हुंगली, माझा पदर ओढून नाकाला लावला. “येत न्हाई... हाही न्हाई...” म्हणत परत टेबलापाशी आले आन् ग्लासात नाक घातलं. “हा येतोय. एवढा एकच येतोय गं.”

माझा विश्वास बसेना. किती वेळा फसवलंय मला ह्या माणसानं! म्हटलं, “द्या इकडं.” जन्मात दारूच्या वासालाही उभी न राहिलेली मी, पडदा उघडा हाय का बंद तेही बघितलं न्हाई. ग्लास दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आन् नाक आत घातलं.

गोठा होता. देवाशप्पथ, खरंच गोठा होता. मी ग्लास तसाच धरून मोठ्यांदा रडायला लागले.