सत्त्याऐंशी नंबरचा हूक

भिंतीवर टांगलेल्याला कोणी काही विचारत नाही. तेव्हा वाट न बघता मीच सांगून टाकतो. मी किल्ल्यांचा फळा. एका लष्करी छावणीच्या कचेरीत, दारातून आत शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर, चाळीस वर्षं टांगलेला होतो. माझ्या अंगावर बारा ओळी, प्रत्येक ओळीत बारा हूक, म्हणजे एकूण एकशे चव्वेचाळीस. एवढा पसारा सांभाळायचा म्हणजे काही खायचं काम नव्हतं.

माझा जन्म दारूगोळ्याच्या पेटीतून झाला. पेटी रिकामी झाली तेव्हा छावणीतल्या सुताराने तिच्या फळ्या सोडवल्या, त्यांच्यावर रंधा मारला आणि मला घडवलं. शेवटचा हूक बसवल्यावर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझ्या भावंडांचं काय झालं देव जाणे. तू नशीबवान आहेस. तुला आता फक्त सांभाळायचंय." बोलून तो चहाला निघून गेला, पण मी ते मनावर घेतलं.

नियम साधा होता. किल्ली न्यायची तर तिच्या हुकावर आपल्या नावाचा पितळी बिल्ला लावायचा, किल्ली परत आणली की बिल्ला काढून न्यायचा. त्यामुळे कोण कुठे आहे हे सगळ्या छावणीत मला सर्वांत आधी कळायचं. माणसंही मला त्यातूनच कळली. मुदपाकखान्याचा आचारी तीन पावलांवरून किल्ली हुकावर फेकायचा आणि नेम चुकला तर माझ्याकडेच रागाने बघायचा. दवाखान्याची परिचारिका किल्ली लावून दारापर्यंत जायची आणि नीट लागली ना, हे बघायला परत यायची. नवा आलेला अधिकारी किल्ली बोटाभोवती गरगर फिरवत न्यायचा. पहिली बोलणी खाल्ली की दुसऱ्या दिवसापासून मुठीत धरून न्यायचा.

एकाच माणसाचा बिल्ला माझ्या अंगाला कधी लागला नाही. तो पंपवाला मामा. छावणीच्या पार टोकाला विहीर होती, विहिरीवर पंपघर, आणि पंपघराला लागून एका खोलीत मामा आणि त्याची म्हातारी आई राहायचे. सगळ्या छावणीचं पाणी मामाच्या हातात. पण पंपघर घाईघाईत बांधलेलं, त्याला कुलूप कोणी बसवलंच नाही आणि मामा कायम तिथेच असल्यामुळे कोणाला गरजही वाटली नाही. कुलूप नाही म्हणून किल्ली नाही, किल्ली नाही म्हणून माझ्याकडे त्याची जागा नाही. कचेरीत आला की मामा माझ्यासमोर उभा राहून सगळे बिल्ले वाचायचा. त्याचा स्वतःचा बिल्ला सव्वीस वर्षं खिशातच राहिला. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी पडलो फळा.

आता माझं एक गुपित सांगतो. माझ्या आठव्या ओळीत सत्त्याऐंशी नंबरचा हूक आहे. त्यावर तबेल्याची किल्ली होती. घोडे गेले, सव्वीस वर्षांपूर्वी तबेला पाडला, किल्ली मात्र तशीच लटकत राहिली. छावणीचा प्रमुख बदलला की जाणारा आणि येणारा दोघं माझ्यासमोर उभे राहून किल्ल्या मोजायचे, एकशे चव्वेचाळीस भरल्या की सही करायचे. किल्ली कोणत्या दाराला लागते हे कोणी कधी लावून बघितलं नाही. एकशे त्रेचाळीस लिहायचं म्हणजे चौकशी मागे लावून घ्यायची. ते लचांड कोण ओढवून घेणार? नऊ प्रमुखांनी त्या नसलेल्या तबेल्याचा ताबा घेतला आणि दिला. दहाव्या आमच्या मेजरबाई.

मेजरबाई शिस्तीच्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण माणसाला कधी तोडून बोलल्या नाहीत. त्यांनीसुद्धा येताना किल्ल्या मोजल्या आणि सही केली.

मग एक दिवस तो आदेश आला. पाच छावण्या मोडून एकच मोठं केंद्र होणार होतं. प्रत्येक छावणीतल्या इमारती नव्याने मोजायच्या आणि जेवढ्या इमारती यादीत येतील तेवढ्यांचीच माणसं कामावर ठेवायची. आमचा कारकून, ज्याला एकही कागद टाकवत नाही म्हणून सगळे चिकटराव म्हणायचे, त्याने आदेश तीनदा वाचला आणि मटकन खुर्चीत बसला. त्या दिवसापासून कचेरीचा नूरच बदलला. लोक उगाचच किल्ल्या जपून लावू लागले. आचाऱ्याने फेकणं बंद केलं.

मेजरबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "मला जेवढं कळलंय तेवढं मी तुम्हाला सांगणार. कळलं नसेल तर कळलं नाही असंही सांगणार. अफवा ऐकली की घरी नेऊ नका, आधी माझ्याकडे आणा." लोक खरंच यायचे. कधी कधी दाराबाहेर रांग लागायची.

नव्या केंद्राकडून एक तपासणीस आले. बारीक अंगाचे, थकलेले. ही त्यांची चौथी छावणी. त्यांची पद्धत अशी की माझ्यावरची एकेक किल्ली घ्यायची, तिचं कुलूप उघडायचं, मगच ती इमारत यादीत लिहायची. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी किल्ल्या लावून बघत होतं. मला बरं वाटलं आणि आठव्या ओळीच्या विचाराने घामही फुटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सत्त्याऐंशीची पाळी आली.

"तबेला कुठे आहे?" तपासणीसांनी विचारलं.

चिकटराव खाली बघून कागद नीट करू लागला. मेजरबाई म्हणाल्या, "नाही. सव्वीस वर्षांपूर्वीच पाडला."

"मग तुमच्या सहीने एकशे चव्वेचाळीस कशा?"

"मी मोजल्या. लावून बघितल्या नाहीत."

तपासणीसांनी त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यात मामा आत आला. त्याच्या दंडाला धरून म्हातारी होती. यादीचा कच्चा कागद सकाळीच बाहेर लावला होता आणि मामाने तो दोनदा वाचला होता.

"साहेब, यात पंपघर नाही," मामा म्हणाला. "चुकून राहिलं असेल."

तपासणीसांनी यादी चाळली. "फळ्यावर किल्ली नाही, जुन्या नकाशात इमारत नाही. मला लिहिता येणार नाही. नवीन इमारत घालायची तर वरून मंजुरी लागते. वर्ष तरी जाईल. माणसांची यादी सोमवारी पक्की होणार."

"म्हणजे माझं काम?"

"इमारत नाही तर जागा नाही. आणि खोलीही रिकामी करावी लागेल."

खिडकीतून लांबून पंपाची घरघर ऐकू येत होती. ज्या पंपघरातून ती येत होती ते कागदावर नव्हतंच. मला वाटलं, आपण कसले सांभाळणारे? एवढ्या मोठ्या अंगावर या माणसासाठी एक हूक नव्हता.

"मी लेखी देते," मेजरबाई म्हणाल्या. "पंपघर आहे, मी रोज बघते."

"मॅडम, तुम्ही तबेल्याचंही लेखी दिलं होतं," तपासणीस म्हणाले. ते खवचटपणे बोलले नाहीत, पण मेजरबाईंचा चेहरा उतरला.

म्हातारीला निम्मंच ऐकू गेलं असावं. ती म्हणाली, "खोली सोडायला माझी ना नाही रे बाबा. तसंही तिथे घोड्यांचा वास येतो."

"आई, आता ते नको," मामा पुटपुटला.

"का नको? येतोच. हवा दमट झाली की भिंतींना येतो. विटा तबेल्याच्या ना! गाडे भरभरून आणल्या तुम्ही लोकांनी. मी तेव्हाच म्हटलं होतं, धुऊन घ्या."

तपासणीसांनी पेन खाली ठेवलं. "तबेल्याच्या विटा?"

"हो साहेब," मामा म्हणाला. "त्या उन्हाळ्यात पाण्याची ओरड झाली. तबेला पाडून त्याच विटांनी आठ दिवसांत पंपघर उभं केलं. मी नवीनच लागलो होतो. कुलूपही ढिगाऱ्यात पडलं होतं. चांगलं भक्कम कुलूप, टाकवेना. हत्यारांच्या पेटीला लावलंय. किल्ली नव्हती म्हणून नुसतं अडकवून ठेवतो."

चिकटरावाने माझ्याकडे बघितलं. मेजरबाईंनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात एवढे डोळे माझ्यावर कधी खिळले नव्हते.

तपासणीस सावकाश म्हणाले, "माझ्या यादीत एक रकाना आहे. इमारतीची जागा आणि वापर बदलल्याची नोंद. कोणी भरत नाही तो. किल्ली जुनी, कुलूप जुनं, विटा जुन्या आणि किल्लीने कुलूप उघडलं, तर मला हरकत घ्यायचं कारण नाही. पण ही नोंद सव्वीस वर्षं का झाली नाही आणि मोजणीत का सापडली नाही, हे छावणीप्रमुखाने लिहून द्यावं लागेल. ते तुमच्या कागदपत्रात राहील." ते थोडे थांबले. "नव्या केंद्राच्या प्रमुखपदासाठी तुमचं नाव पुढे आहे असं ऐकतो. विचार करा."

"कागद द्या," मेजरबाई म्हणाल्या.

माझ्यासमोरच्या टेबलावरच त्यांनी लिहिलं. आधीच्या नऊ जणांचं नावही घेतलं नाही. एकच वाक्य जरा मोठ्या अक्षरात होतं, ते मला दिसलं. 'मी किल्ल्या मोजल्या, पण लावून पाहिल्या नाहीत. चूक माझी आहे.' सही केली, उठल्या, सत्त्याऐंशीची किल्ली काढली आणि तिथे स्वतःचा बिल्ला लावला.

सगळे विहिरीकडे गेले. मी आणि म्हातारी दोघंच मागे राहिलो. ती बाकावर बसून पंपाचा आवाज ऐकत होती. मी त्या बिल्ल्याकडे बघत होतो. सव्वीस वर्षं न फिरलेली किल्ली. आत गंज चढला असेल तर? माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणजे मी टांगलेला असतोच, पण त्या तासाची गोष्ट वेगळी.

शेवटी पावलं वाजली. चिकटराव सर्वांत पुढे, धापा टाकत. "उघडलं, आजी! मामाने तेल सोडलं, दोनदा अडलं, तिसऱ्यांदा उघडलं!"

म्हातारी म्हणाली, "मग आता तरी भिंती धुऊन द्या."

तपासणीसही हसले. त्यांनी यादीत लिहिलं, 'सत्त्याऐंशी. पंपघर. पूर्वीचा तबेला.' किल्ली माझ्यावर परत आली तेव्हा तिला तेलाचा वास होता आणि ती अजून मामाच्या हाताने गरम होती.

नवं केंद्र झालं. त्याची प्रमुख दुसरीच कोणी झाली. मेजरबाईंची लांब बदली झाली. जायच्या दिवशी ताबा देताना त्यांनी नव्या माणसाला एकेक दार उघडून दाखवलं. दोन दिवस लागले. मग कचेरीत परत आल्या, माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि गेल्या. त्यांचं चुकलं होतं, पण चूक कबूल करायला एवढं मोठं मन लागतं हे मी त्या एका बाईत बघितलं. मला अजून त्यांची आठवण येते.

पुढे दारांना कार्डं आली. दाराला कार्ड दाखवलं की ते उघडतं, किल्ली लागत नाही. मला भिंतीवरून उतरवून मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात टाकलं. पंपघर एवढं लांब की तिथे कार्डाची तार पोचली नाही. तिथे हत्यारांच्या पेटीला अजून तेच कुलूप आहे. मामाने अर्ज करून मला मागून घेतलं आणि हातगाडीवर घालून नेलं.

आता मी पंपाशेजारच्या भिंतीवर आहे. एका हुकावर पाना, एकावर टॉवेल, एकावर म्हातारीचा चष्मा, तोही ती शोधत असतेच. बाकी सगळे रिकामे. दमट हवेत मलाही घोड्यांचा वास येतो. दारूगोळ्याच्या पेटीला असा शेजार मिळाला, माझी तक्रार नाही.

तुम्ही कधी कुठल्या मोठ्या बदलाची यादी करायला बसलात, तर माझं एवढंच मागणं आहे. ज्याचं नाव खोडायचं त्याच्या दारापर्यंत एकदा चालत जा.

रोज सकाळी पेटी उघडायला मामा किल्ली काढतो. बघायला इथे कोणी नसतं, विचारायलाही कोणी नसतं. तरी तो खिशातून बिल्ला काढतो, सदऱ्याला पुसतो आणि सत्त्याऐंशीवर लावतो. मग पंप सुरू होतो.